तिसरा खड्डा

तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर, फावडं मातीत रोवून, नणंदेने कबूल केलं की किडनी भावजयीची आहे.

असं काही घडलेलं नाही. निदान नणंदेचं म्हणणं तसं आहे, आणि घरात ती सगळ्यांत मोठी असल्यामुळे काय घडलं आणि काय नाही हे तीच ठरवते. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे जावं. सध्या सकाळ आहे, खड्डा एकही नाही, आणि किडनी नेहमीप्रमाणे नणंदेची आहे.

"माझी कशी आहे?" गाडीचं दार आतून उघडत नणंदेने विचारलं.

"बरी आहे, ताई." भावजय आत बसली.

"पाणी?"

भावजयीने पिशवीतून बाटली काढून दाखवली. बाटलीवर नणंदेने स्वतः मार्करने रेघा ओढल्या होत्या. सकाळची रेघ उघडी पडलेली पाहून तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

"पट्टा लाव. तुझ्यासाठी नाही सांगत."

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. तिला दोन्ही बाजूंना ब्रेक होते आणि डोक्यावर शिकाऊचा मोठा 'शि' लावलेला होता. नणंदेने शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली होती. उरलेले निम्मे जपून रस्ता ओलांडत. इतकी वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यामुळे तिच्या पायाला एक खोड लागली होती. समोर काही नकोसं आलं की ती कुठेही असो, बँकेत असो की सोफ्यावर, तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

वर्षापूर्वी तिची डावी किडनी काढून भावजयीच्या पोटात उजवीकडे बसवली होती. डॉक्टरांनी हे चित्र काढून समजावलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, की डावीकडची उजवीकडे घेताना मागचं कोण बघणार. भावजयीच्या नवऱ्याचीही तपासणी झाली होती. त्याची जुळली नाही. "त्या दोघांचं आजवर काय जुळलंय," असं म्हणून नणंदेने पर्स भावाकडे दिली आणि स्वतः तपासायला गेली. भाऊ ती पर्स धरून संध्याकाळपर्यंत उभा होता.

अडचण पुढे सुरू झाली. भावजयीला आभार मानायचे होते. ती एका कचेरीत आवक-जावक पाहायची. बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाची पोच यावी लागते. पोच नाही तर कागद गेलाच नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिने घड्याळ आणलं, तर नणंदेने ते भावजयीच्याच मनगटावर बांधलं, गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून. तिने तोंडी प्रयत्न केला: "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय." नणंद म्हणाली, "समोर बघ." तेव्हा त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि समोर फक्त फ्रिज होता.

नणंदेची भूमिका कायदेशीर होती. "दिली कुठे? ठेवायला दिली आहे. माझ्याकडे दोन होत्या, जागा अडत होती. ठेवायला दिलेल्या वस्तूचे आभार कसले? उलट मीच मानायला हवेत, सांभाळतेस म्हणून."

नर्सरीत पोचल्यावर भावजय थेट हायड्रेंजियांपाशी गेली. तिने महिनाभर विचार करून हे ठरवलं होतं: स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या वाफ्यात निळ्या हायड्रेंजियाची तीन रोपं लावायची, ताईंच्या नावाने. वस्तू परत करता येते. वाफा परत करता येत नाही.

"निळा तुम्हाला आवडतो ना, म्हणून," ती म्हणाली.

"मला? निळा?" नणंदेने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. लहानपणापासून ताई निळंच घालते म्हणाले."

"आधी शाळेचा युनिफॉर्म होता. आता ड्रायव्हिंग स्कूलचा आहे. निळा रंग दिसला की मला वाटतं, कामावर जायला उशीर झाला."

"अगबाई. मग तुम्हाला आवडेल तो घेऊ."

"तुला कुठला आवडतो?"

"तुम्हाला आवडेल तो."

नणंदेचा पाय नर्सरीच्या चिखलात दाबला गेला.

एके काळी ह्या दोघींच्या भांडणावर गल्ली घड्याळ लावायची. विषय लागत नसे. कांदा उभा चिरायचा की आडवा, पडदे धुवायचे की झटकायचे, पाहुणा उठला म्हणजे निघाला का, ह्यावर त्या तास तास तोंडाला तोंड द्यायच्या, आणि मग त्याच तोंडांनी एकत्र चहा प्यायच्या. ऑपरेशननंतर भावजयीने भांडणं बंद केली. ताई आल्या की ती उठून उभी राहायची. पंख्याखालची खुर्ची द्यायची. गेल्या महिन्यात नणंद चहा पिताना म्हणाली होती की मंगळवार हा बुधवारनंतर येतो. भावजय क्षणभर थांबली आणि म्हणाली, "असेल हं."

नणंद त्या दिवशी अर्धा चहा टाकून गेली होती.

"निळा घ्या की गुलाबी घ्या, ताई," नर्सरीवाला मध्ये पडला, "हे झाड काही माझं ऐकत नाही. इथे निळं दिसतंय. तुमच्या मातीत चुना जास्त असला तर गुलाबी होईल. जिथे लावाल तिथला रंग घेतं."

"म्हणजे तुमची गॅरंटी नाही."

"झाडाची आहे. रंगाची नाही. एकदा गेलं की ते तुमचं. न बदलणारं हवं असेल तर तो पांढरा घ्या. काय वाट्टेल ते घाला, ढिम्म हलत नाही."

"हा माझ्या भावासारखा आहे," नणंद म्हणाली. "बदलणारी द्या. तीन."

परतीच्या वाटेवर तिने तिन्ही रोपं मागच्या सीटवर बसवून त्यांना पट्टा लावला. वळणावर एकदा तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला.

घरी वाफ्यापाशी भाऊ नळी धरून उभा होता. त्याला तेवढंच काम दिलं होतं आणि तो ते मनापासून करत होता. पाणी अजून सोडलेलं नव्हतं.

वाफा अरुंद होता, भिंत आणि फरशीची वाट ह्यांच्यामधला. सकाळी ऊन, दुपारी सावली, हायड्रेंजियाला हवी तशी. आजारपणाआधी भावजयीने इथे कोथिंबिरीपासून गुलाबापर्यंत सगळं वाढवलं होतं. आता ती खुर्चीवर बसली होती, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हातमोजे. बाहेरच्या किडनीला शरीराने हाकलून देऊ नये म्हणून तिला ज्या गोळ्या होत्या, त्यांनी जंतूंनाही दार उघडं ठेवलं होतं. म्हणून डॉक्टरांनी मातीत हात घालायला मनाई केली होती. देखरेखीला परवानगी होती.

त्यामुळे आभार म्हणून दिलेल्या रोपांचे खड्डे, जिचे आभार मानायचे तीच खणणार होती. भावजयीला हे कळत होतं आणि तिचे कान लाल झाले होते.

"ताई, ह्यांना खणू द्या ना."

"त्याला? त्याने नळी सोडली तर कोण धरणार?"

नणंदेने पहिला खड्डा खणला. तो इतका सुरेख होता की भावजय खुर्चीवरून पुढे झुकली. पिशवीच्या दुप्पट रुंद, तळाची माती भुसभुशीत, कडा चाकूने कापल्यासारख्या. नणंदेने त्यात खत मिसळलं, रोपाची पिशवी ब्लेडने कापून अलगद सोडवली, मुळं बोटांनी मोकळी केली आणि रोप जमिनीच्या पातळीला बसवलं.

"छान झालं, ताई."

"हं."

दुसरा खड्डा उथळ झाला. उथळ म्हणजे त्यात चिमणीने आंघोळ केली असती तर तिचे पाय भिजले असते, पोट नाही. रोप त्यात पाहुण्यासारखं टेकलं आणि एका बाजूला कललं. भावजयीचे हातमोजे एकमेकांत गुंतले.

"ठीक आहे ना?" नणंदेने विचारलं.

"छान आहे."

नणंदेने त्या रोपाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. तिचा पाय मातीत दाबला गेला. मग ती तिसऱ्या जागेकडे वळली, मोजून ठेवलेली खूण ओलांडून पार भिंतीला जाऊन टेकली, आणि छपरावरून येणाऱ्या पाइपच्या बरोब्बर खाली फावडं मारलं. विटा दिसायला लागल्या. ती खणत राहिली. मग तिने तिसरं रोप उचललं आणि पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं. ब्लेड तिच्याच खिशात होतं.

वरून माती लोटता लोटता ती म्हणाली, "झालं. छान आहे ना?"

भावजय उभी राहिली.

"ताई, पिशवी."

"कुठली पिशवी?"

"पिशवी काढा!" मास्क हनुवटीवर आला होता. "प्लास्टिकमधून मुळं कुठे जाणार, बाजारात? आणि ह्याला खड्डा म्हणतात? भिंतीला चिकटून? पहिल्या पावसात पाइपचं पाणी पडून झाड शेजाऱ्यांकडे जाईल! आणि तो मघाचा, तो खड्डा नाही, ती बशी आहे बशी! इतकी वर्षं लोकांना गाड्या लावायला शिकवता, एक रोप सरळ लावता येत नाही?"

भावाने घाबरून नळ सोडला होता. पाणी त्याच्या बुटात जात होतं. तो हलला नाही.

"अजून?" नणंद म्हणाली.

"अजून काय अजून! मंगळवार बुधवारच्या आधी येतो!"

नणंदेने फावडं मातीत रोवलं. दोन्ही पाय जरा फाकवून, कशावरही न दाबता, ती उभी राहिली. हाताच्या पाठीने तिने नाक पुसलं आणि नाकाखाली चिखलाची मिशी उमटली.

"आली बाई," ती म्हणाली. आवाज नीट नव्हता. "वर्षभर नुसतं असेल हं, असेल हं. मला वाटलं, चुकून जीभच काढली हिची. एक किडनी गेली त्याचं काही नाही गं. दुसरी आहे. पण भांडायला माझ्याकडे दुसरी कुणी आहे का?"

भावजयीने मास्क वर ओढला.

"आणि एक सांगते. माझी किडनी असलं उर्मट बोलत नाही. ती सरळ स्वभावाची होती." नणंदेने भिंतीजवळच्या रोपाकडे पाहिलं. "नर्सरीवाला म्हणाला ना, जिथे लावाल तिथला रंग घेतं. ती तुझीच झाली आहे. तुझीच आहे ती."

पाणी अजून भावाच्या बुटात पडत होतं.

आवक-जावक पाहणाऱ्या माणसाला संधी ओळखता येते. "तुझी म्हणजे," भावजय हळूच म्हणाली, "दिलीत. ठेवायला नाही, दिलीत. मग आता आभार..."

"कोण काय म्हणालं?"

"तुम्ही. आत्ता. ह्यांच्यासमोर."

नणंदेने भावाकडे पाहिलं. "तू काही ऐकलंस?"

भावाने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "मी नळी धरली होती," तो म्हणाला.

तिसरं रोप वर निघालं, पिशवी सुटली, खड्डा खुणेवर आला. ह्या वेळी भावजय खुर्चीवर बसली नाही. ती वाफ्याच्या कडेला उभी राहून प्रत्येक ओंजळीला नावं ठेवत होती, आणि नणंद प्रत्येक नावाला उत्तर देत होती, आणि समोरच्या घरातली म्हातारी खूप दिवसांनी खिडकीत येऊन बसली होती. दुसरं रोपही काढून पुन्हा लावलं. त्याच्या खोलीवरून जे झालं ते म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं.

संध्याकाळी नणंद निघाली. भावजयीने बाटलीतलं पाणी शेवटच्या रेघेपर्यंत प्यायलं, तिला दाखवलं, आणि तळाशी उरलेलं तिसऱ्या रोपाच्या बुडाशी ओतलं. पानं दिवसभराच्या दगदगीने मलूल झाली होती. एक पान हललं, वाऱ्यानेही असेल.

नणंद गाडीत बसली, पट्टा लावला, काच खाली केली. मिशी अजून तिथेच होती. कुणी सांगितलं नव्हतं.

"माझीला जप," ती म्हणाली. "मंगळवारी येते."

"बुधवारनंतरच्या?"

"गप्प बस."

भावजयीने गाडीच्या दारावर हात ठेवला, मास्क खाली ओढला, आणि कचेरीत मोठे साहेब आल्यावर लावते तो आवाज लावला.

"महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमचे आभार गेल्या वर्षापासून आपल्याकडे प्रलंबित आहेत. तरी सदर आभार आहेत त्या स्थितीत स्वीकारून त्यांची पोच द्यावी, ही नम्र विनंती."