सात महिन्यांनी ‘तथापि’

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा काचवाल्या ताईच्या हातात काच कापायचा हिरा होता. म्हणून पाकीट धाकट्या भावाने फोडलं.

“वाच. मोठ्याने.”

‘आपल्यावरील दाव्यात आम्ही आपल्या वतीने वकील देत आहोत.’

“बघ! उगाच घाबरलीस.”

‘तथापि…’

हिऱ्याची रेघ अर्ध्यात थांबली की काच वाया जाते. ताईची थांबली.

‘सदर अपघात आपल्या पॉलिसीत बसेलच असे नाही. कलम चार, सात, नऊ, अकरा किंवा इतर कोणत्याही कलमाखाली भरपाई नाकारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.’

“म्हणजे देणार की नाही?”

“देणार. कदाचित नाही.”

“तळ्यात की मळ्यात, एक काय ते बोला म्हणावं!”

अपघात असा. एका दुकानाला या दोघा भावंडांनी संध्याकाळी दर्शनी काच बसवली. सिलिकॉन सुकायला दीड दिवस लागतो, तोवर काचेला आधाराच्या पट्ट्या. पण ‘काम पूर्ण’ या चिठ्ठीवर गिऱ्हाईकाची सही त्याच संध्याकाळी घ्यायची, ही या घरची रीत. सहीसाठी दुसरी खेप कोण घालणार? बापही तेच करायचा. सकाळी दुकानदाराने पट्ट्या काढल्या, वाईट दिसतात म्हणून. काच सुटली ती रस्त्याने जाणाऱ्या शिंपीणबाईंच्या उजव्या मनगटावर. त्यांनी ताईवर भरपाईचा दावा लावला.

ताई तशीच दवाखान्यात धावणार होती. कंपनीचा साहेब फोनवर म्हणाला, “भेटू नका. माफी तर मुळीच नाही. माफी म्हणजे कबुली, आणि कबुली दिलीत तर पॉलिसी गेली.”

ताईने ऐकलं. एकदा बाजारात शिंपीणबाई समोरून आल्या, हात गळ्यात बांधलेला. ताई झटकन रंगाच्या दुकानात शिरून डबे बघत बसली. मागून बाईंचा आवाज आला, “काळा घे गं. तोंडाला लावायला होईल.”

तेही गिळलं. आणि आता हे!

तिने फोन लावला.

“साहेब, चार, सात, नऊ, अकरा. यातलं नेमकं कोणतं?”

“ते आत्ताच सांगता येणार नाही.”

“ती सहीची चिठ्ठी तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“मग सात महिने काय अंडी उबवत होतात?”

“ताई, काम पूर्ण झालं होतं की चालू होतं, एवढं आमच्या वकिलांना सांगा.”

“माझ्या वकिलांना ना?”

पलीकडे खोकला. “आपल्याच.”

“पूर्ण म्हटलं तर?”

“पूर्ण झालेलं काम पॉलिसीत येत नाही, बहुधा.”

“चालू म्हटलं तर?”

“तर अर्धं काम सोडून गेलात कसे, हा प्रश्न येतो.”

“इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर ढकलायला तुम्हीच! बरं, त्या बाईंना भेटायचं नाही, हे अजून आहेच?”

“अर्थात. अट आहे ती.”

“म्हणजे मी बांधलेली आणि तुम्ही मोकळे.”

तिने फोन ठेवला, चपला घातल्या. भाऊ दारात आडवा आला.

“नको जाऊस, ताई. कदाचित देतीलही.”

“त्या ‘कदाचित’पायी सात महिने चोरासारखं तोंड लपवलं मी. चोरी न करता! हो बाजूला.”

शिंपीणबाई डाव्या हाताने कापड कापत होत्या. ताई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“चुकलं आमचं. पट्ट्या निघायच्या आधी सही घ्यायला नको होती. दुकानदाराला वाटलं, झालं काम.”

“हे सांगायला सात महिने?”

“कंपनीने नको म्हटलं होतं.”

“आज हो म्हणाले वाटतं?”

“आजही नकोच म्हणालेत.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “दावा मागे घेणार नाही मी.”

“घेऊही नका. आत्ता बोलले तेच कोर्टात सांगेन.”

“मग अशी दारात काय उभी? आत ये, टोक धर हे. डाव्या हाताने कात्री तिरकी पळते माझी.”

ताईने टोक धरलं.

“घट्ट धर. माफ केलंय असं समजू नकोस.”