ओल्या लाकडांवरचा चहा

शाळेमागच्या झाडीत मुलांना रानात कसं टिकून राहायचं ते शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा रानबाई म्हणायची. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हा तास म्हणजे नसती उठाठेव वाटे. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "उद्या मुलांनी स्वतः चूल पेटवून चहा करून दाखवला, तर तास राहील. नाहीतर सोमवारपासून तिथे गणित."

आणि नेमका रात्री पाऊस कोसळला. काटकी न् काटकी भिजून चिंब! या तासासाठी रानबाई किती जणांशी भांडल्या होत्या! खिशात लायटर होता; पण या तासाला मुलं काम करायची आणि हाताची घडी, तोंडावर बोट बाईंचं. नियम त्यांनीच केलेला, आता बोलणार कोणाला?

वर्गात सगळ्यात लहान म्हणून जिला मुंगी म्हणत, ती चुलीपुढे बसली होती. तिने ओल्या फांदीची साल सोलली, आतल्या कोरड्या लाकडाच्या पातळ ढलप्या काढल्या आणि काडी ओढली. नुसता धूर झाला. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. रानबाईंचा हात खिशाकडे गेला.

"बाई, घडी!" मुलं एका सुरात ओरडली. रानबाईंनी निमूटपणे हात बांधले.

दुसऱ्या काडीला इवलीशी ज्योत धरली. ती बघून मोठ्या बाईंनाच राहवेना. त्या पुढे वाकल्या आणि गाल फुगवून अशी फुंकर मारली की ज्योत विझलीच.

"अहो मोठ्या बाई, वाढदिवसाचा केक आहे का हा?" मुंगी उसळली. "हळूच श्वास सोडायचा. बसा इथे!"

रानबाईंना वाटलं, संपलं सगळं. मोठ्या बाईंना 'बसा' म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. पण त्या चक्क चिखलात गुडघे टेकून बसल्या. मुंगीने पुन्हा ढलप्या काढल्या, पुन्हा काडी ओढली. मोठ्या बाईंनी जपून, हळूहळू श्वास सोडला.

"पेटली! अगं, पेटली!" त्याच सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या.

चहा झाला. कप हातोहात फिरले. मोठ्या बाईंनी घोट घेतला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले.

"धुरकट आहे," त्या म्हणाल्या. रानबाईंचा चेहरा पडला.

"आणि मागच्या चौघांना मिळालाच नाही. पुढच्या वेळी पातेलं मोठं आणा."