लंबूच्या मापाची गाडी

लंबू गेला तेव्हा त्याची गाडी घरासमोरच उभी होती. त्या दिवशी तो दुपारीच कामावरून परत आला, आईला म्हणाला, "डोकं फार ठणकतंय, जरा पडतो," आणि पडला तो पुन्हा उठला नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर कोण काय बोलणार? घरात आई, बाप आणि बायको अशी तीन माणसं उरली आणि दारात गाडी.

लंबू वायरमन होता. नाव उंचीवरून पडलेलं. दुसऱ्याला शिडी लागायची तिथे ह्याला टाचा उचलल्या की पुरे. बाप जन्मभर सुतारकाम केलेला. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. गुडघ्यांनी दगा दिला आणि मिस्त्रींना धंदा सोडून घरी बसावं लागलं, त्याच सुमारास लंबूने ही जुनी व्हॅन घेतली होती. मागचा भाग म्हणजे पत्र्याचं रिकामं खोकं. हत्यारं तो गोणीत भरून न्यायचा आणि पक्कड हवी झाली की सगळी गोणी उपडी करायचा.

मिस्त्रींना ते बघवलं नाही. "अरे, हत्यारं आहेत का बटाटे?" ते म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी प्लायचे तक्ते मागवून मोकळे झाले.

मग बापलेकांनी ती गाडी आतून बांधली. लंबू आत उभा राहायचा, हात लांबवायचा आणि म्हणायचा, "बाबा, इथं." मिस्त्री तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे. ड्रिलची पेटी अगदी वर, छताला लागून, कारण तिथपर्यंत त्याचा हात सहज जायचा आणि खालची जागा पाइपांना मोकळी राहायची. टपावर शिडी. गुडघे दुखायचे म्हणून मिस्त्री उलट्या बादलीवर बसून रंधा मारायचे. पण घरी बसल्यापासून त्यांचा उतरलेला चेहरा त्या दिवसांत पुन्हा हसरा झाला होता, हे लंबूच्या आईने पाहिलं होतं.

लंबू गेल्यावर मिस्त्री रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसायला लागले. मागचं दार उघडायचं, आत त्याच बादलीवर बसायचं आणि दार ओढून घ्यायचं. काय करायचे कोण जाणे. लंबूची आई चहा घेऊन जायची, पत्र्यावर टिचकी मारायची आणि कप पायरीवर ठेवून परत यायची.

बायकोला लंबू बटण म्हणायचा. ती जेमतेम त्याच्या छातीवरच्या बटणाला लागायची, म्हणून बटण. तंत्रशाळेत दोघं एकाच वर्गात होते आणि मीटर लावून दोष शोधण्यात ती त्याच्यापेक्षा चलाख होती. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. पण लग्नानंतर तिला एका कारखान्याच्या देखभाल खात्यात टेबलावरची नोकरी मिळाली आणि हातातली पक्कड सुटली. जवळच्यांनी अजून तिला बटणच म्हणावं अशी तिची इच्छा होती, पण आता ते नाव कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

लंबूचा फोन तिने बंद केला नव्हता. गिऱ्हाइकांचे फोन यायचे. प्रत्येकाला तेच सांगायचं, तेच ऐकायचं: "अरेरे, कधी झालं हो?" एक दिवस एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांच्या अर्ध्या घरात दिवे नव्हते. बटणने सांगितलं, ते वारले. बाई म्हणाल्या, "मग मी आता कोणाला बोलावू गं?"

"मी येते," बटण म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

रजा टाकून ती गेली, जळालेली तार शोधून काढली, दिवे लावून दिले. परत येताना कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

त्या संध्याकाळी तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, मी नोकरी सोडून त्याचं काम करू म्हणते. गाडीची किल्ली द्याल?"

मिस्त्रींनी किल्ली दिली. पण देताना हात जरा अडला. "गाडी ने. पण आतलं काही हलवू नकोस."

"नाही हलवत," ती म्हणाली.

आणि तिने खरंच काही हलवलं नाही. प्लॅस्टिकचं एक स्टूल तेवढं गाडीत ठेवलं. वरच्या कप्प्यातलं काही हवं असलं की स्टूल मांडायचं, चढायचं, उतरायचं. टपावरची शिडी काढायला मागच्या बंपरवर उभं राहून लोंबकळायचं. लोक बघायचे. एक रखवालदार तर म्हणाला, "ताई, गाडी भाड्याची आहे का?" ती हसली. घरी आल्यावर हा किस्सा तिने सासूला सांगितला, पण सासू हसली नाही.

एक दिवस ड्रिलची पेटी ओढताना स्टूल घसरलं. पेटी तिच्या कपाळावर आदळली आणि ती दाराच्या कडेवरून थेट रस्त्यावर. कपाळाला टाके पडले. खांदा असा ठेचला की हात वर होईना. एका हाताने गाडी चालवत ती घरी आली.

सासूने तिला बसवलं, कपाळावरची पट्टी पाहिली. मिस्त्री दारात उभे होते.

"स्टूल घसरलं," बटण म्हणाली. "काही नाही, दोन-चार दिवसांत बरं होईल."

"प्लॅस्टिकचं ते, घसरणारच," मिस्त्री म्हणाले. "मी लाकडाचं करून देतो. रुंद पायांचं. खाली रबर लावतो."

लंबूची आई तशी कमी बोलणारी. पण त्या दिवशी तिच्या सहनशक्तीचा बांध फुटला. "स्टूल कसलं करून देताय! एक गेला तो पुरे नाही झाला? ती गाडी त्याच्या मापाची आहे. ही त्यात रोज मरमर चढते-उतरते, ते दिसत नाही तुम्हाला? का बघायचंच नाही?"

"तू मधे बोलू नकोस."

"बोलणार. त्या गाडीत तुम्ही रोज जाऊन बसत होतात, मी एका शब्दाने बोलले नाही. माझा नव्हता का तो? मला कुठे आहे अशी जागा जाऊन बसायला?"

मिस्त्री तिथेच, उंबऱ्याशी खाली बसले, गुडघे धरून. म्हणाले, "त्याचा हात जिथं जिथं जायचा, तिथं तिथं सगळं आहे अजून. ते काढलं की मग काय राहिलं?"

बटण म्हणाली, "बाबा, मला तरी कुठं काढायचंय? वरच्या कप्प्याकडे बघितलं की तो मला उभा दिसतो. रोज दिसतो. पण माझा हात पोचत नाही हो तिथपर्यंत. मी काय करू?"

एवढं बोलून ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक ओढत. तो गेल्यानंतर ती सगळ्यांसमोर अशी पहिल्यांदाच रडत होती. सासूने तिला जवळ घेतलं. मिस्त्री उठून आत निघून गेले.

सकाळी तिला जाग आली ती हत्यारांची पेटी उघडल्याच्या आवाजाने. मिस्त्री गाडीचं मागचं दार उघडून उभे होते. सगळं सामान बाहेर काढून त्यांनी सतरंजीवर ओळीने मांडलं होतं: पकडी, टेस्टर, हातोड्या, छिन्न्या, वायरची भेंडोळी, खिळ्यास्क्रूंचे डबे.

"ये," ते म्हणाले. "धर एका बाजूने. एका हाताने जमेल?"

स्क्रू निघाले, पण फळ्या जागच्या हलेनात. मिस्त्रींनी ठोकून पाहिलं, पटाशी घालून पाहिली. मग हात खाली टाकून ते म्हणाले, "सरस लावून चिकटवल्यात मी. नुसत्या स्क्रूवर भागलं असतं. पण म्हटलं, पोराला पुढची वीस-पंचवीस वर्षं बघायला नको."

कापण्यावाचून इलाज नव्हता. मिस्त्रींनी करवत घेतली, वरच्या कप्प्याच्या कोपऱ्याला लावली, दोन-तीनदा ओढली आणि थांबले. करवत तशीच प्लायमध्ये रुतून राहिली. त्यांच्या मनगटात अजून तरण्या गड्याला लाजवेल अशी ताकद होती. तरी ती करवत त्यांच्याने पुढे सरकेना.

"द्या," बटण म्हणाली.

"तुझा खांदा दुखतोय."

"डाव्या हाताने करते. तुम्ही फळी धरा."

तिने डाव्या हाताने, वेडंवाकडं, धापा टाकत कापलं. मिस्त्रींनी फळी धरली होती. भुसा त्यांच्या अंगावर पडत होता. फळी सुटून त्यांच्या हातात आली तेव्हा फळीचं सगळं वजन त्यांनी छातीवर झेललं आणि कितीतरी वेळ ते तसेच उभे राहिले. लंबूची आई ओट्यावरून बघत होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

उरलेलं मिस्त्रींनीच कापलं. एकदा सुरुवात झाल्यावर थांबले नाहीत.

दुपारी त्यांनी बटणला आत उभं केलं. "हात पुढे कर. ताणू नकोस, सहज जाईल तेवढाच. आता वाक. आता बाजूच्या दारातून हात घाल." प्रत्येक वेळी पेन्सिलीची रेघ. "बरं, आता सांग, सगळ्यात जास्त काय लागतं?"

"टेस्टर, पक्कड, टेप, मीटर," ती म्हणाली. "आणि बाबा, मी प्रत्येक घरात चार खेपा नाही मारू शकत. एक पेटी अशी करा की ती उचलली आणि आत गेलं, की बहुतेक काम त्यातच होईल."

"त्याला नव्हती लागत पेटी. तो खिशात कोंबायचा सगळं."

"त्याचे खिसे केवढे होते!"

मिस्त्रींच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "खरंय. पिशव्याच होत्या त्या."

ड्रिल खाली आलं, दाराजवळ, सरकत्या फळीवर; ओढली की पेटी बाहेर. जड सामान सगळं चाकांच्या वर, तळाला. त्याच्यावर खण, आणि खणांना कड्या, म्हणजे वळणावर उघडायला नकोत. भेंडोळ्यांसाठी मागच्या दारापाशी आडवी सळई. वायर ओढली की उलगडत यावी. स्क्रूंच्या डब्यांना पुढून बोटभर उंचीची पट्टी. शिडीवरून मात्र वाद झाला. मिस्त्री म्हणत होते टपावरच बरी, आतली जागा जाते. बटण म्हणाली, आतच हवी, जमिनीलगत, पट्ट्याने बांधलेली.

"अगं, तो एका हाताने उतरवायचा."

"तो," बटण म्हणाली.

मिस्त्रींनी मान खाली घातली आणि शिडीची लांबी मोजायला घेतली.

छताजवळची जागा रिकामीच राहिली. तिथे काही करायचं का, असं मिस्त्रींनी विचारलं. ती म्हणाली, राहू दे.

काम सुरू झालं. हळूहळू बटणला गिऱ्हाइकं मिळाली. काही लंबूची जुनी, काही तिची स्वतःची. एकट्या राहणाऱ्या बायका मुद्दाम तिलाच बोलावू लागल्या. कपाळावर पांढरा व्रण राहिला. खांदा थंडीत ठणकायचा. सकाळी गेलेली गाडी संध्याकाळी परत यायची, त्यामुळे मिस्त्रींच्या दुपारी मोकळ्या पडल्या. ते कुठेतरी बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. कापलेल्या फळ्या घरामागे भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी बटण गाडी पुसत होती. मिस्त्री मागच्या दाराशी आले. आत डोकावले. पूर्वी बादली ठेवायचे तिथे आता खणांची रांग होती. बसायला जागा नव्हती. त्यांनी एक खण ओढून पाहिला, परत ढकलला, कडी लावली. तरी जाईनात.

बटणने फडकं पिळलं. "बाबा, मला वायर आणायचीय. येता बरोबर? पुढे बसा."

ते बसले. पाय दुमडायला त्रास झाला, तिने दार लावून घेतलं. बाजारापर्यंतच्या रस्त्याला खड्डे फार. गाडी हेलकावे खात होती. थोड्या वेळाने मिस्त्री म्हणाले, "काही वाजत नाही आतलं."

"नाही वाजत. चांगलं बसवलंय तुम्ही."

"लहानपणी त्याला झोप लागायची नाही," मिस्त्री एकदम म्हणाले. "मग मी रंधा मारत बसायचो. तो आवाज ऐकला की झोपायचा. मी थांबलो की जागा. किती लाकूड वाया घालवलं असेल मी. नुसतं त्याला झोपवायला."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. मोठ्या माणसाचं रडणं, आतल्या आत कोंडलेलं, खांदे हलवणारं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बटणने त्यांच्याकडे पाहिलं नाही. वायरचं दुकान आलं. दारात ओळखीचे चार-पाच जण गप्पा मारत उभे होते, एकाने हातही वर केला. तिने गाडी थांबवली नाही.

बरंच पुढे गेल्यावर मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले. "दुकान मागे राहिलं."

"राहू दे," बटण म्हणाली. "पुढून वळू. अजून काय करायचा तो?"