हंबीररावाच्या पाठीचे टाके

“वाकू नका म्हणून सांगितलं होतं ना, हंबीरराव? परत उसवलं सगळं.” जिनपाल डॉक्टर करवादले.

“आवं, मामा आल्ते वडूजवरनं. पाया न्हाई पडायचं व्हय?”

मित्रांनो, हे भांडण मी ताटलीतनं ऐकत हुते. मी एक जुनी वाकडी सुई हाय, सांगलीकडच्या एका दवाखान्यातली. विलायतेत घडले, आगबोटीतनं आले, लय माणसं शिवली. एका शहाण्यानं तर माझ्याकडनं उशीचा अभ्रा शिवून घेतला आणि टोक बोथट केलं. पण ह्या हंबीररावानं जेवढा वैताग दिला तेवढा कुणी न्हाई दिला.

लढाईत त्याच्या मणक्यात बॉम्बचा तुकडा घुसला. लष्करी दवाखान्यात तो काढला, पण कमरेवरची जखम काय भरंना. मी दोनदा शिवली. पहिल्यांदा चुलता आला, हा खाटेवरनं उतरून वाकला. टाकं तुटलं. दुसऱ्यांदा मामा. थोरल्या माणसाम्होरं पालथं पडून ऱ्हायचं म्हंजे ह्याला मरणाची लाज.

तिसऱ्यांदा डॉक्टरांनी कुजकं मांस कापलं, तर आत हाड दिसाय लागलं. ते म्हणाले, “दोन्ही बाजूंचं मांस ओढून हाडावर घालतो. हे उसवलं तर पुन्हा ओढायला मांस नाही. मग कायमचं अंथरूण.”

आत तातीचा, म्हंजे जनावराच्या आतड्याचा दोरा, वर रेशीम. थरावर थर शिवता शिवता माझं अंग तापलं. मग हुकूम सुटला, तीन आठवडं पालथं पडायचं.

नवव्या दिवशी सयाजीमामा परत हजर, पटका बांधून. मी शेजारच्या खाटेपाशी ताटलीत हुते. हंबीररावानं खाटेचा काठ धरला. झालं, म्हटलं, गेली माझी मेहनत.

तेवढ्यात उशाशी बसल्याली त्याची आई बयाबाई उठली. “गप पड,” म्हणाली आणि स्वतःच भावाच्या पायावर डोकं ठेवलं. “दादा, ह्यो नमस्कार त्येचा. माझा घरी गेल्यावर करते.”

मामा ओशाळले. खाली फरशीवर बसले, भाच्याच्या तोंडाम्होरं तोंड आणून. “हितनंच बोल गड्या. तुज्या वाकण्यानं मी काय उंच हुतोय व्हय?”

पाठ सांधली. हंबीरराव निघाला तवा ताठ चालत हुता. दारापाशी थांबला, वळला आणि सरळ वाकून डॉक्टरांच्या पाया पडला. डॉक्टरांनी डोळं गच्च मिटलं. टाका एकबी हलला न्हाई.

मित्रांनो, शिवल्याल्या माणसाला भेटाय जाल तवा तुमीच खाली बसा. आणि माझ्याकडनं उशा शिवू नका. माझ्या आंघोळीचं पाणी उकळाय लागलंय, कुणाचं तरी काय तरी उसवलंय. मला जायला पायजे.