पेईशान ताईचा चिमटा

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. शिक्षण संपवून जाणारा विद्यार्थी आपला चिमटा मागून आलेल्याला देऊन जातो. रीत माझी नाही, मुलांनीच पाडली. युनफांग एम.एस्सी.ला आली तेव्हा तिच्या वाट्याला नुकत्याच शिकून गेलेल्या पेईशानचा चिमटा आला. पेईशानचे नमुने सहसा वाया जात नसत, म्हणून तो चिमटा हाताला यश देणारा समजला जाई. पोलादी, बारीक टोकांचा. युनफांग तो चष्म्याच्या डबीत जपून ठेवायची.

तिचं काम होतं जस्ताच्या ऑक्साइडचे पातळ थर बनवायचं. नखाएवढ्या पारदर्शक चकतीवर भट्टीत थर चढवायचा आणि त्यात चुंबकत्व आहे का ते यंत्रावर मोजायचं. ते सापडेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

नववर्षाच्या सुट्टीनंतर एका सकाळी ती माझ्या खोलीत धावतच आली.

"ज्येन सर, आहे! अगदी थोडं, पण आहे!"

"सगळ्या थरांत?"

"नाही. ढगाळ थरांत काहीच नाही. जे स्वच्छ, सुरेख जमलेत, फक्त त्यांच्यात. म्हणजे थर चांगला असला की चुंबकत्व येतं."

छोंगयू, माझा पीएच.डी.चा विद्यार्थी, दारात उभा होता. "मी इथे म्हातारा व्हायला आलो," तो म्हणाला, "आणि हिला आल्या आल्या चुंबक! चहा पाजायला लागेल." तिने सगळ्यांना मोत्यांचा चहा पाजला, टपोऱ्या साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेला.

चहा पिता पिताच तिने मला घरचं सांगितलं. आमच्या सिनचू शहरातल्याच एका चिप कारखान्याने तिच्यासाठी नोकरी राखून ठेवली होती आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिचे वडील गावी, यीलानला, कांद्याच्या पातीची शेती करतात. तिने त्यांना शब्द दिला होता: हा शोध खरा निघाला तर पीएच.डी., नाहीतर नोकरी. "बाबा म्हणाले, काहीही कर, पण मधे लोंबकळत राहू नकोस."

मला शंका होतीच. इतकं पुसट चुंबकत्व बहुतेक वेळा कुठूनतरी लागलेल्या लोखंडाचं असतं. तसं मी सांगू शकलो असतो. पण त्यातून ती एवढंच शिकली असती की सरांना माहीत असतं.

"थर न चढवलेली कोरी चकती मोजून आण," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती कागद नाचवत आली. "कोऱ्या चकतीत शून्य! बघा!"

"चांगला नमुना हाताळतेस तशीच हाताळलीस?"

"तशीच."

"सगळं तसंच?"

"सर, ते खरं असावं असं तुम्हाला वाटतच नाही."

"वाटतं. म्हणून तर विचारतोय."

छोंगयूने दोष यंत्रावर ठेवलेल्या खाऊच्या पुडीला दिला. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्यावर हिरवी पुडी ठेवतात. "तारीख उलटलीय तिची. यंत्र खोड्या काढणारच."

दुपारी मी दोघांना जेवणाचे डबे घेऊन माझ्या खोलीत बोलावलं. युनफांगला म्हटलं, "हा तोफूचा तुकडा तुझी चकती. भट्टीपासून पुढे काय काय करतेस, करून दाखव."

"सर, जेवू तरी द्या हिला," छोंगयू म्हणाला.

ती मात्र हसत जेवणाच्या काड्या सरसावून बसली. "भट्टी थंड झाली. झाकण उघडलं. थर बघितला. ढगाळ असला तर प्लास्टिकच्या चिमट्याने काढायचा आणि बाजूला ठेवायचा. चांगला असला तर..." काड्यांमध्ये तोफू तसाच राहिला. मग तो भातात पडला.

"तर?" मी विचारलं.

"तर ताईच्या चिमट्याने."

"आणि कोरी चकती?"

"ती कोरीच होती. तिला ताईचा चिमटा कशाला? प्लास्टिकनेच उचलली." तिने डबा बंद केला. जेवण अर्धंही झालं नव्हतं.

तिने एक कोरी चकती पेईशानच्या चिमट्यात कडेला घट्ट धरली आणि मोजली. चुंबकत्व आलं. मग चिमट्याचं पोलाद जिथे घासलं होतं ती कड पातळ ॲसिडने धुऊन चकती पुन्हा मोजली. गेलं. हे धुण्याचं मी सुचवलं नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही कागद तिने माझ्या टेबलावर ठेवले. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत? मी बाबांना सांगून बसले!"

"मी म्हटलं असतं तर तू मानलं असतंस. उद्या दुसऱ्या कुणी उलट सांगितलं असतं, तर तेही मानलं असतंस."

"छान आहे हे तुमचं!" ती म्हणाली आणि दार आपटून गेली. रागवायचा तिला हक्क होता. मी मागे गेलो नाही.

शनिवार-रविवार ती यीलानला जाऊन आली. सोमवारी आली तेव्हा हातात पातीच्या पोळ्यांचा डबा होता आणि एक नवी हिरवी पुडी. पुडी तिने यंत्रावर ठेवली.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"सगळं. चिमटा, तोफू, ॲसिड. जेवणं थंड झाली. शेवटी बाबा म्हणाले, तुझं चुंबक खोटं निघालं ना, मग तू एवढी खुशीत का?"

"मग?"

"मला सांगता येईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तेव्हा म्हणाले, कारखान्याला नाही म्हणून कळव. तिथे ही बडबड कोण ऐकून घेईल?" तिने डबा आमच्यापुढे उघडला. "कळवलं, सर."

"म्हणजे पुढची सगळी वर्षं ही बडबड आम्ही ऐकायची?" छोंगयू पोळीचा तुकडा तोडत म्हणाला.

"ऐकायची. आणि दादा, मागच्या वर्षी तुमच्या दोन नमुन्यांत नको असताना चुंबकत्व दिसलं, म्हणून तुम्ही ते बाद केले होते ना? ते कशाने उचलले होते?"

छोंगयूने पोळी खाली ठेवली, बोटं पुसली आणि खिशातून आपला पोलादी चिमटा काढला. तोही त्याला कुणीतरी जाताना दिलेलाच होता.