देवश्रीच्या वतीनं

हैदराबादला देवश्रीला दुसऱ्या मुलाची फुप्फुसं बसवून चौदा महिने झाले होते. रोज सकाळी तिनं हातातल्या छोट्या यंत्रात जोरात फुंकायचं आणि येणारा आकडा वहीत लिहायचा, असा नियम होता. डॉक्टरांनी तिच्या आईला, नीलाला, बजावलं होतं, "०.९२ लिटर हवा, हा तिचा आकडा. ०.८३च्या खाली गेला, की त्याच दिवशी फोन करा. शरीर फुप्फुसं नाकारायला लागलं, की आधी इथंच कळतं. वेळेत कळलं तर औषधानं आवरता येतं."

जूनमध्ये नीलाची शाळा सकाळची झाली. ती विज्ञान शिकवायची. वहीचं काम सासऱ्यांकडे, विष्णुपंतांकडे गेलं. ते तुळजापुरात पूजा सांगत. पुण्या-सोलापूरचे यजमान फोनवर नाव-गोत्र कळवत, आणि विष्णुपंत त्यांच्या वतीनं संकल्प सोडत. चाळीस वर्षं.

सात आठवडे आकडे आले : ०.९२, ०.९१, ०.९२. नीलानं आलेख काढला. रेघ सरळ आली. सहा वर्षांच्या मुलीची रेघ इतकी सरळ येत नाही, हे तिला कळायला हवं होतं. तिला बरं वाटलं.

श्रावणात देवश्री घराच्या दोन पायऱ्या चढून मधेच बसली. ओठ निळसर झाले होते. नीला आणि विष्णुपंत तिला घेऊन हैदराबादला गेले. तिथं आकडा आला ०.४४.

"घरी काल ब्याण्णव होता," नीला म्हणाली.

"ते आबांचं होतं," देवश्री म्हणाली. "मला खोकला येतो ना. आबा म्हणतात, बस तू, तुझ्या वतीनं मी फुंकतो."

विष्णुपंत दारातच उभे होते. "लेकरू रडायचं गं. आकडा उतरला की घशात नळी घालतेत म्हणून लई भ्यायचं. म्हणलं, खोकला जाईस्तोवर..."

नीलानं पिशवीतून यंत्र काढलं. "फुंका."

"नीला..."

"फुंका, आबा."

त्यांनी डोळे मिटून हलकेच फुंकलं. ०.९२.

"पहिल्याच खेपेला," ती म्हणाली. "चांगला हात बसलाय."

संध्याकाळी डॉक्टरांनी स्कॅन दाखवलं. बारीक श्वासनळ्या आक्रसून बंद झाल्या होत्या. त्या आता उघडणार नव्हत्या, आणि दुसऱ्यांदा फुप्फुसं बसवणं तिला झेपणार नव्हतं.

"आई, नळी घालणार का?" देवश्रीनं विचारलं.

"नाही. आता नाही घालणार."

देवश्री आबांकडे बघून हसली. "बघा! सुटले मी."