उभ्या मिरचीचं गाडगं

मित्रांनो, आपल्या पोटात काय आहे हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, असं मी एक जुनं मातीचं गाडगं आहे. कवठे महांकाळजवळच्या एका घरात फळीवर बसलेलो असतो. जोतिबा कुंभाराने मला दह्यासाठी घडवलं. पुढे तोंडाचा टवका उडाला, आणि घरच्या रंगूबाईंनी मला बियाण्याला लावलं. ही बढती होती की हकालपट्टी, ते मला अजून उमगलेलं नाही.

रंगूबाईंची मिरची जगावेगळी. इतरांच्या मिरच्या खाली लोंबतात, ही मात्र आभाळाकडे तोंड करून उभी राहते. सासूकडून आलेलं हे बी आसपास दुसऱ्या कुणाकडेच नाही. दरवर्षी त्या पहिल्या तोड्याच्या मिरच्या वाळवून बी काढत, राखेत घोळवत, माझ्यात भरत आणि वर फडकं बांधत. पाहुणे मला हातात घेऊन कौतुक करत. मी फुगून जाई.

गेल्या माघात त्यांची धाकटी बहीण लीलाबाई पाटणहून आली.

"बी ने गं तू. गाडगं तेवढं माघारी लावून दे," रंगूबाई म्हणाल्या.

मी एस.टी.ने पाटणला गेलो आणि उन्हाळ्यात परत आलो. पोट भरलेलंच होतं. राखेत माखलेलं बी मला बापड्याला काय ओळखू येणार?

जूनमध्ये रोपं टाकली. गणपतीनंतर मिरच्या लागल्या, आणि सगळ्या खाली लोंबत्या! रंगूबाई वाकून वाकून बघत राहिल्या. माझं तर डोकंच चालेना. आत गेलेलं बी बाहेर येताना बदललं कसं?

त्यांचा मुलगा धनाजी म्हणाला, "आये, तूच कवातरी बी बदललंस. हल्ली तुला लय इसरायला हुतंय. मिरजेला डाक्टरला दावून येऊ."

तेव्हापासून आमटीत मीठ घातलं की नाही, हेसुद्धा त्या सुनेला विचारू लागल्या. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी मला खाली घेतलं, आत बोटं फिरवली आणि मलाच विचारलं, "मीच चुकले व्हय रं?" मला फार वाईट वाटलं. माझ्याच पोटात काय होतं, ते मलाही कुठं माहीत होतं?

त्यांची नात शिवांजली मात्र गप्प बसली नाही. उभ्या मिरचीच्या बियाण्यासाठी तिने फलटणपर्यंतची दुकानं पालथी घातली. प्रत्येक पाकिटावर लोंबतीच मिरची! शेवटी तिने लीलाबाईंना फोन लावला.

"अगं, माज्याकडं हाय की उभ्या मिरचीचं एक झाड," लीलाबाई म्हणाल्या. "बाकीची पावसानं कुजली. पत्र्याच्या डब्यातलं तेवढं वाचलं. आक्कानंच दिलेलं बी ते!"

"मग गाडग्यातनं काय आलं, मावशीआज्जी?"

"ते माज्या परसातल्या मिरचीचं बी. रिकामं भांडं माघारी कसं द्यायचं, पोरी?"

रंगूबाईंना वाटलं होतं, बहीण चिमूटभर घेईल आणि बाकीचं माझ्यातच ठेवून माघारी धाडेल. बहिणीला वाटलं, सगळंच आपल्याला दिलं. रीत दोघींनीही पाळली होती, आणि खुळा ठरलो मी.

दुसऱ्याच दिवशी धनाजी पाटणला जाऊन चार पिकल्या मिरच्या घेऊन आला. रंगूबाईंनी त्या तळहातावर घेतल्या आणि विचारलं, "मिरजेला कवा जायाचं मग?"

"कशाला, आये. माजंच चुकलं," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, मी उन्हाळाभर भलतंच बी सांभाळलं. रंगूबाईंनी तर न केलेली चूक सांभाळली. गाडग्याला टवका उडाला तर तुम्ही त्याला दुसऱ्या कामाला लावा, माझी तक्रार नाही. पण घरातलं म्हातारं माणूस 'मीच चुकले का' असं विचारू लागलं, तर लगेच 'हो' म्हणू नका. आधी एक फोन करून बघा.